लिनक्स लॅपटॉपवरील दृश्यपटलाचे दोष : कारणमीमांसा व निदानाची पद्धत

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापनात लॅपटॉप व प्रोजेक्टर ही आता नित्याची साधने झाली आहेत. परवाना शुल्क द्यावे लागत नसल्यामुळे काही प्राध्यापक लिनक्स ही युनिक्ससदृश कार्यप्रणाली वापरतात. कळव्यातील एखाद्या महाविद्यालयात सकाळच्या तासिकेला लॅपटॉप सुरू करावा आणि पडदा काळाच राहावा, असा प्रसंग त्यांच्यावर येऊ शकतो. मग यंत्र स्थानकाजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात दिले जाते आणि डिस्क फॉरमॅट करून प्रणाली नव्याने बसविली जाते. पडदा उजळतो; परंतु अंतर्गत परीक्षांचे गुण, टिपणे व प्रबंधाची प्रकरणे नष्ट होतात. वस्तुतः अशा वेळी दोष बहुधा चित्र दाखविणाऱ्या भागात असतो व माहिती सुरक्षित असते. हा भेद स्पष्ट करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट होय.

दृश्यरचनेचे स्तर

लिनक्समध्ये पडद्यावरील चित्र चार स्तरांतून साकार होते. पहिला स्तर यंत्रसामग्रीचा : पडदा, त्यामागील प्रकाशयोजना, केबल व ग्राफिक्स चिप. दुसरा कर्नेलचा; २००९ पासून पडद्याचे रिझोल्यूशन ठरविण्याचे काम क्रमशः कर्नेलमधील ड्रायव्हरकडे आले. तिसरा स्तर डिस्प्ले सर्व्हरचा. १९८४ मध्ये एम. आय. टी. येथे सुरू झालेली 'एक्स विंडो' प्रणाली दीर्घकाळ हे कार्य करीत आली. २००८ मध्ये आरंभ झालेल्या 'वेलँड'ने आता बहुतांशी तिची जागा घेतली आहे. चौथा स्तर डेस्कटॉपचा. वापरकर्त्याच्या फायली या चारही स्तरांहून स्वतंत्रपणे डिस्कवर असतात.

निदानाचा क्रम

१. प्रथम पडदा तपासावा. काळ्या पडद्यावर तिरकस विजेरी धरल्यास अंधुक चित्र दिसले, तर मागील प्रकाशयोजना बंद पडली आहे. बाहेरचा मॉनिटर जोडून त्यावर चित्र उमटल्यास लॅपटॉपचा पडदा वा केबल सदोष असण्याचा संभव अधिक. मात्र चित्र केवळ प्रोजेक्टरकडे वळविलेले नाही, याचीही खात्री करावी.

२. उत्पादकाचे चिन्ह दिसून नंतर पडदा काळा होत असल्यास कंट्रोल, आल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. मजकुरी पडदा उघडला, तर कर्नेल कार्यरत असून दोष वरच्या स्तरांत आहे.

३. या मजकुरी पडद्यावर डिस्कवरील रिकामी जागा पाहावी. डिस्क पूर्ण भरल्यास डेस्कटॉप सुरूच होत नाही. हा दोष ग्राफिक्सचा भासतो, पण नसतो.

४. मजकुरी पडदाही न उघडल्यास आरंभीच्या 'ग्रब' सूचीतून आधीची कर्नेल आवृत्ती निवडावी. तिच्यावर चित्र आले, तर नव्या कर्नेलशी ड्रायव्हर जुळलेला नाही. एनव्हिडियाचा स्वतंत्र ड्रायव्हर असलेल्या यंत्रांत हे विशेषत्वाने संभवते. 'सिक्युअर बूट' चालू असताना स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर नाकारला जातो, हेही एक कारण होय.

५. त्यानेही न भागल्यास त्याच सूचीत 'ई' कळ दाबून, 'लिनक्स' या शब्दाने आरंभ होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडावा. त्यामुळे कर्नेलचा ड्रायव्हर पडद्याचे रिझोल्यूशन ठरवीत नाही व साधे चित्र मिळू शकते. हा बदल केवळ त्या एका वेळेपुरता असतो. तो उपाय नव्हे, निदानाचे साधन आहे.

६. अखेरीस नोंदवह्या वाचाव्यात. 'एक्स'च्या नोंदवहीत कंसातील दुहेरी 'ई' हे चिन्ह त्रुटी दर्शविते. तेथील नेमका संदेश तंत्रज्ञास दाखविल्यास अंदाजाने दुरुस्ती करण्याची वेळ येत नाही.

प्रोजेक्टरवर चित्र अस्पष्ट वा कापलेले दिसल्यास कारण वेगळे असू शकते. प्रोजेक्टर आपली क्षमता लॅपटॉपला कळवितो; जुन्या व लांब व्ही. जी. ए. केबलमधून ही माहिती कधी पोहोचत नाही. अशा वेळी प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तिकेतील रिझोल्यूशन स्वतः निवडावे.

समारोप

कोणताही उपाय निष्फळ ठरल्यास लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करावे व सर्व फायली अन्यत्र उतरवून घ्याव्यात. डिस्क कूटबद्ध असल्यास तिचा परवलीचा शब्द लागेल. आय. आय. टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. मूलभूत आज्ञांच्या परिचयासाठी ते उपयुक्त आहेत. खालच्या स्तराकडून वरच्या स्तराकडे जाणे, एका वेळी एकच बदल करणे व तो लिहून ठेवणे, ही प्रयोगशाळेतील शिस्त येथेही लागू पडते. फायलींची प्रत हाती आल्याशिवाय फॉरमॅटला संमती देऊ नये.