शिकारी रायफली : जुन्या छायाचित्रांवरून ओळख

शिकारी रायफल म्हणजे नळीच्या आतील पृष्ठभागावर मळसूत्री खाचा असलेली आणि वन्य प्राण्यांच्या शिकारीसाठी वापरण्यात येणारी बंदूक होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्रणाचा प्रसार झाल्यावर शिकारी, त्याचे हत्यार व मारलेले जनावर यांचे एकत्रित छायाचित्र काढून ठेवण्याची प्रथा यूरोप, अमेरिका, आफ्रिका आणि भारत येथे रूढ झाली. अशी पुष्कळ छायाचित्रे स्थळ, काळ व व्यक्ती यांच्या नोंदीवाचून संग्रहालयांत व खाजगी संग्रहांत पडून आहेत. त्यांतील रायफलीची बनावट ओळखता आली, तर छायाचित्राच्या काळाविषयी विश्वसनीय पुरावा मिळतो. मात्र हा पुरावा एकाच दिशेचा असतो. छायाचित्र अमुक वर्षापूर्वीचे नाही, एवढेच रायफल निश्चितपणे सांगू शकते. चांगली रायफल दोन-तीन पिढ्या वापरात राहत असल्याने ते किती उशिराचे आहे, हे ठरविण्यास अन्य साधने लागतात.

महत्त्व : शिकारीच्या छायाचित्रांचा उपयोग केवळ कौटुंबिक वा शस्त्रविषयक इतिहासापुरता मर्यादित नाही. १९४७ मध्ये कोरिया संस्थानचे (सध्या छत्तीसगढ राज्यात) महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी तीन चित्ते मारले. त्यांचे छायाचित्र ‘बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ या मुंबईच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भारतातील मूळच्या चित्त्याच्या अखेरच्या नोंदींत तिची गणना होते. एखादा प्राणी एखाद्या प्रदेशात कोणत्या काळी होता, याचा आधार म्हणून छायाचित्र वापरावयाचे असल्यास त्याचा काळ चुकणे म्हणजे त्या प्राण्याचा इतिहासच चुकणे होय.

रायफल व छर्‍याची बंदूक : प्रथम हा भेद ठरवावा लागतो, कारण दुनळी रायफल व दुनळी छर्‍याची बंदूक वरवर सारख्याच दिसतात. रायफलीच्या नळ्या सामान्यतः सु. ६० ते ७० सेंमी. लांब व जाड असतात. छर्‍याच्या बंदुकीच्या नळ्या बहुधा ७० सेंमी.पेक्षा लांब असून तोंडाशी पातळ होत जातात. रायफलीच्या नळीवर मागील बाजूस नेम धरण्याची खाचेची पट्टी व तोंडाशी उंच माशी असते. छर्‍याच्या बंदुकीवर तोंडाशी केवळ एक बारीक मणी असतो.

बनावटीची लक्षणे : छायाचित्रात रायफलीवरील अक्षरे क्वचितच वाचता येतात. म्हणून नळी जेथे दस्त्याला मिळते, त्या भागाच्या बाह्याकृतीवर ओळख अवलंबून असते. (१) ठासणीच्या रायफलीत नळीखाली ठासणीचा गज असतो आणि बाजूस घोडा व केप बसविण्याची बोंडी दिसते. (२) मागून भरावयाच्या दुनळी रायफली १८६० नंतरच्या दशकांत प्रचारात आल्या. त्यांच्या बाजूंस दोन घोडे असत. १८७५ मध्ये इंग्लंडमधील अ‍ॅन्सन व डीली यांनी घोडे आतल्या पेटीत बसविण्याच्या रचनेचे एकस्व घेतले. त्यानंतर बाहेर घोडे नसलेल्या दुनळ्या हळूहळू सार्वत्रिक झाल्या. (३) एकनळी फार्कर्सन रायफलीचे एकस्व १८७२ चे आहे. तीत चापाच्या कडीभोवतीची तरफ खाली ओढली असता नळीमागील पोलादी ठोकळा सरळ खाली सरकतो. तिला बाहेर घोडा नसतो व दारूगोळ्याची पेटीही नसते. (४) अमेरिकन विंचेस्टर रायफलीत चापाखाली कडीच्या आकाराची तरफ, मागे उघडा घोडा व नळीखाली समांतर नळकांडे असते. काडतुसे या नळकांड्यात एकामागे एक राहतात. १८६६, १८७३, १८८६ व १८९४ हे तिचे प्रसिद्ध नमुने होत. १८९५ च्या नमुन्यात मात्र नळकांडे नसून तरफेच्या पुढे खाली आलेली काडतुसांची पेटी दिसते. १८९९ च्या सॅव्हेज रायफलीत तरफ असते, पण उघडा घोडाही नसतो व नळकांडेही नसते. (५) बोल्टच्या रायफलीत उजव्या अंगास मुठीचा दांडा असतो. १८९८ च्या माउझर नमुन्यात काडतुसांची पेटी लाकडाच्या आत सपाट बसलेली असते, तर ली पद्धतीच्या रायफलीत ती चापापुढे खाली बाहेर आलेली असते. १९०३ च्या मान्‌लिखर-शोनाउअर रायफलीचा दांडा चपटा असतो व तिच्या आखूड प्रकारात दस्त्याचे लाकूड नळीच्या तोंडापर्यंत जाते.

या लक्षणांचा उपयोग काही प्रसिद्ध व्यक्तींच्या शस्त्रांवरून स्पष्ट होतो. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी १९०९–१० मधील आफ्रिकेच्या मोहिमेत बोल्टची स्प्रिंगफील्ड, १८९५ ची विंचेस्टर व हॉलंड अँड हॉलंड यांची दुनळी अशा तीन रायफली नेल्या होत्या. तिन्हींची बाह्याकृती भिन्न असल्याने मध्यम प्रतीच्या छायाचित्रातही त्या वेगळ्या ओळखता येतात. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल मिळालेली रिग्बी रायफल माउझर बनावटीची होती. ती व त्यांची दुनळी रायफल यांतील फरक एका नजरेत लक्षात येतो.

ओळखीच्या मर्यादा : बाह्याकृतीवरून बनावट कळली, तरी नळीचा व्यास कळत नाही. १९०७ मध्ये भारतात ०.४५० इंच व्यासाच्या रायफलींच्या आयातीवर बंदी आल्याने इंग्रज कारागिरांनी ०.४६५, ०.४७० व ०.४७५ इंच व्यासाच्या दुनळ्या बनविल्या. छायाचित्रात त्या एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. तो तपशील केवळ कारखान्याच्या नोंदवहीतून किंवा पत्रव्यवहारातून मिळू शकतो.

छायाचित्रण पद्धतीमुळेही फसगत होते. डॅगेरोटाइप व लोखंडी पत्र्यावरील टिनटाइप या प्रकारांत प्रतिमा आरशातल्याप्रमाणे उलटी उमटते. विल्यम बॉनी ऊर्फ ‘बिली द किड’ या अमेरिकन गुंडाचे १८७९–८० च्या सुमाराचे टिनटाइप हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. त्यात त्याचे पिस्तूल डाव्या कमरेस दिसते, त्यावरून तो डावखुरा असल्याचा समज दीर्घकाळ टिकला व १९५८ मध्ये त्याच समजावर आधारलेल्या नावाचा चित्रपटही निघाला. परंतु त्याच्याजवळील १८७३ च्या नमुन्याच्या विंचेस्टरमध्ये काडतुसे भरण्याचे झाकण डाव्या बाजूस दिसते, प्रत्यक्षात ते उजवीकडे असते. रायफलीनेच ही प्रतिमा उलटी असल्याचे सिद्ध केले. याखेरीज जुन्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशास संवेदनशील असल्याने पिवळा व तांबडा रंग काळसर उमटतो. त्यामुळे पितळ की लोखंड, हे छटेवरून ठरविणे धोक्याचे ठरते. कॅमेर्‍याकडे रोखलेली नळी आखूड भासते, म्हणून लांबीचे मोजमाप रायफल आडवी असेल तरच करावे. तसेच हाती धरलेली रायफल त्या व्यक्तीची असेलच असे नाही. ती यजमानाची, बंदूक वाहून नेणार्‍या नोकराची किंवा चित्रशाळेतील शोभेची असू शकते.

नोंदीची पद्धत : प्रथम प्रतिमा सुलट आहे की उलटी, हे कोटाच्या गुंड्या, अक्षरे अथवा बोल्टचा दांडा यांवरून पाहावे. नंतर बंदुकीचा वर्ग, मग बनावट आणि शेवटी नमुना अशा क्रमाने जावे व जेथे पुरावा संपतो तेथे थांबावे. ‘नळीखाली नळकांडे असलेली तरफेची रायफल, बहुधा १८९४ ची विंचेस्टर’ अशी नोंद निःशंक परंतु निराधार नावापेक्षा अधिक उपयुक्त ठरते. प्रत्यक्ष दिसणारे लक्षण व त्यावरून काढलेले अनुमान स्वतंत्रपणे लिहिल्यास पुढील अभ्यासकास ते तपासून पाहता येते. भारतात १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमानंतर हौसेच्या शिकारीचे युग संपले. तेव्हा या विषयाचा मूळ साठा आता वाढणारा नाही. आहेत त्याच छायाचित्रांच्या नोंदी अचूक करणे, एवढेच काम उरले आहे.