मोडेम आणि कचेरीची तार

निघोजे येथील कारखान्यांच्या कचेऱ्यांत तुम्हांपैकीं कित्येक पुढें काम करतील. तेथें उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतों.

भारतांत इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वांस खुलें झालें, तें टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या द्वारें. संगणकाच्या अंकांचे ध्वनि करणें व ध्वनींचे पुन्हां अंक करणें, हें मोडेमचें कार्य होय. घरच्या तारेवर तें सहज होई; कचेरीच्या डिजिटल टेलिफोन-यंत्रणेंत मात्र अडे. कारण तेथें मेजावरील टेलिफोनपर्यंत ध्वनि येत नाहीं, अंकरूप संकेत येतात; तार मात्र दिसावयास तशीच. अशा तारेस जोडिलेला मोडेम मुका राहतो, व विद्युद्दाब भिन्न असल्यास बिघडूंही शकतो.

यास्तव यंत्रणेंतून ॲनालॉग जोडणी मागून घ्यावी, अथवा यंत्रणेबाहेरील स्वतंत्र तार वापरावी. अशा जोडणीवरून बाहेर जातांना क्रमांकाच्या आरंभीं ० किंवा ९, यंत्रणेनें नेमिला असेल तो अंक, व पुढें स्वल्पविराम लिहावा. त्यामुळें मोडेम क्षणभर थांबतो व तेवढ्यांत बाहेरची तार मिळते.

इंटरनेटसाठीं ही रीत आज मागें पडली. परंतु फॅक्सयंत्राच्या पोटांत मोडेमच असतो, म्हणून त्यासही हाच नियम लागू आहे. दिसतें तसें नसतें. तार जोडण्यापूर्वीं तिच्यांतून काय वाहतें तें विचारावें.