'हो डॉक्टर' म्हणण्याआधी

भोरहून वरंध घाटाकडे निघाले की नीरा-देवघर धरणाच्या बाजूने हिर्डोशी गाठता येते. पावसाळ्यात हे खोरे धुक्यात हरवून जाते. अशा ठिकाणी रात्री-अपरात्री कोणाला पान लागले किंवा बाळंतीण अडली, तर पहिली गाठ पडते ती बहुधा सिस्टरची. डॉक्टर कधी समोर असतात, कधी फोनवर. म्हणूनच सिस्टरने डॉक्टरांचे ऐकावे कसे, हा प्रश्न रोग्याच्या जिवाचा आहे.

ऐकण्यात शिकायचे ते काय, असे कोणी विचारील. सांगितले ते करावे, संपले! पण तसे नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग यांनी 1966 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आम्ही येथे मुद्दाम सांगतो. रुग्णालयात ड्यूटीवर असलेल्या 22 परिचारिकांना एका अनोळखी डॉक्टरचा फोन आला. अमुक रोग्याला अमुक औषध 20 मिलिग्रॅम द्या, सही मी नंतर करीन, असा हुकूम होता. डबीवर तर स्पष्ट छापले होते, की जास्तीत जास्त मात्रा 10 मिलिग्रॅम. फोनवरच्या हुकमाने औषध द्यायचे नाही, हा रुग्णालयाचा नियमही होता. तरीही 22 पैकी 21 जणी औषध घेऊन निघाल्या! डबीत नुसती साखर होती आणि त्यांना वाटेतच थांबवण्यात आले, म्हणून बरे. याउलट, असा प्रसंग आला तर काय कराल, असे इतर परिचारिकांना नुसते विचारले, तेव्हा बहुतेकींनी 'आम्ही देणार नाही' असेच उत्तर दिले होते.

या 21 जणी अडाणी नव्हत्या, निष्काळजीही नव्हत्या. वरच्याचा आवाज ऐकला की मान हलवायची, ही सवय त्यांच्या अंगी मुरली होती. पुढे 1977 साली तसाच प्रयोग ओळखीच्या औषधावर झाला. त्यात परिचारिकांना सहकाऱ्यांशी बोलण्याचीही मुभा होती. तेव्हा 18 पैकी दोघीच चुकीची मात्रा द्यायला तयार झाल्या. औषधाची माहिती आणि शेजारच्या मैत्रिणीचा सल्ला, एवढ्यानेच केवढा फरक पडला पाहा.

भगिनींनो, 'अनुयायी' हा शब्द आपल्या घराघरांत अभिमानाने उच्चारला जातो. पण गुरू सांगतो म्हणून डोळे मिटून मानू नका, पारखून घ्या, हे कालामांना सांगणारा उपदेशही आपलाच आहे. रॉबर्ट केली या अमेरिकन अभ्यासकाने 1988 साली चांगल्या अनुयायाच्या दोन खुणा सांगितल्या: तो स्वतःच्या डोक्याने विचार करतो आणि कामात मनापासून भाग घेतो. नुसती मान डोलावणारा अनुयायी नव्हे. नुसता कुरकुरणाराही नव्हे.

हे कसब अंगी आणता येते. त्यासाठी काही साध्या सवयी लावून घ्याव्यात.

तोंडी हुकूम मिळाला की तो लगेच लिहून घ्यावा आणि डॉक्टरांना पुन्हा वाचून दाखवावा. घाटात फोनचा आवाज तुटला, तर 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' एकच ऐकू येते. म्हणून आकडे सुटे सुटे उच्चारावेत: 'वन, फाइव्ह'.

डॉक्टरांना फोन करताना चार गोष्टी क्रमाने सांगाव्यात: आत्ता काय झाले आहे, रोग्याची आधीची हकीकत काय, मला काय वाटते आणि आपणाकडून काय हवे. 'पेशंट बरा दिसत नाही' एवढ्यावर थांबू नये.

शंका आली तर नम्रपणे पण स्पष्ट विचारावे: 'सर, डबीवर दहाच लिहिले आहे, एकदा पाहता का?' उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारावे. तरीही पटले नाही तर परिसेविकेला, आणि गरज पडल्यास अधिसेविकेला सांगावे. तोवर हात थांबवावा.

याचा अर्थ ऊठसूट वाद घालावा असा मुळीच नव्हे. योग्य हुकूम वेळेवर आणि पुरता पाळणे, ड्यूटी बदलताना प्रत्येक रोग्याची खबर पुढच्या सिस्टरला नीट देणे, आपली चूक झाली तर ती न लपवणे, हाही अनुयायित्वाचाच भाग आहे. वरिष्ठांचीही जबाबदारी आहेच. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला चारचौघांत झिडकारले, तर ती दुसऱ्यांदा तोंड उघडणार नाही, आणि त्याची किंमत रोगी मोजेल.

आपल्या कितीतरी मुली एएनएमचा दोन वर्षांचा किंवा जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करून पांढऱ्या गणवेशात उभ्या राहतात. त्यांच्या आज्या-पणज्यांना खाली मान घालून 'होय जी' म्हणावे लागत होते. ती मान बाबासाहेबांनी वर केली. ती वॉर्डात पुन्हा खाली जाता कामा नये.

ही शिकवण नर्सिंगच्या शाळेत सुरू होत नाही, ती घरात सुरू होते. जेवताना मुलीने 'असे का?' विचारले तर 'गप्प बस' म्हणू नका. आज घरात विचारलेला तो प्रश्न उद्या हिर्डोशीच्या एखाद्या बाळंतिणीचे प्राण वाचवील.