पहिला कॅमेरा घेताय? आधी लेन्सचा हिशोब मांडा

विंचूर (ता. निफाड) : थंडी पडायला लागली की नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर पाहुणे पक्षी उतरतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं हे अभयारण्य राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. जानेवारी २०२० मध्ये तशी घोषणा झाली. तेव्हापासून बाहेरचे लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात आणि विंचूर, निफाड, लासलगाव भागातली आपली पोरं मोबाईल घेऊन चापडगावच्या बाजूला जातात. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला की पाणी दिसतं, गवत दिसतं, पक्ष्याचा मात्र नुसता ठिपका. मग मनात येतं, या वर्षी द्राक्षाचे पैसे झाले की कॅमेरा घ्यायचाच.

अडचण इथंच होते. दुकानात गेलं की कॅमेऱ्यासोबत बहुतेक वेळा १८-५५ ची छोटी लेन्स खोक्यातच मिळते. पैसे तिथंच संपतात आणि पुढच्या रविवारी पक्षी पुन्हा ठिपकाच राहतो. कॅमेरा खराब नसतो, लेन्स त्या कामाची नसते. हप्ते मात्र सुरू झालेले असतात.

आकडा काय सांगतो?

लेन्सवर १८-५५, ५५-२५०, १५०-६०० असे आकडे असतात. ते मिलिमीटरमध्ये असतात. आकडा लहान तेवढा फोटोत जास्त परिसर मावतो. आकडा मोठा तेवढी लांबची वस्तू जवळ दिसते.

एक साधा हिशोब करून पाहू. रोहित म्हणजे फ्लेमिंगो हा पक्षी उभा असला की साधारण १.४ मीटर उंच भरतो. समजा तो १०० मीटरवर उभा आहे. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत जो एपीएस-सी सेन्सर असतो, त्याची उंची साधारण १५ मिलिमीटर असते.

• ५५ मिमीला रोहितची प्रतिमा पाऊण मिलिमीटरची पडते, म्हणजे फोटोच्या उंचीचा विसावा भाग.
• ३०० मिमीला ४.२ मिलिमीटर, म्हणजे पाव भागापेक्षा थोडी जास्त.
• ६०० मिमीला ८.४ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहून जास्त.

हा झाला मोठा पक्षी. वारकरी पक्षी जेमतेम ४० सेंटिमीटरचा. तो त्याच अंतरावर ३०० मिमीतही लहानच दिसणार. म्हणून पक्ष्यांसाठी कॅमेरा घेणाऱ्यानं किमान २५० किंवा ३०० पर्यंत जाणारी लेन्स धरूनच बजेट करावं. १५०-६०० ची लेन्स उत्तम, पण तिचं वजन दोन किलोच्या आसपास असतं आणि बऱ्याचदा ती कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते. पहिल्याच वर्षी तिच्या मागं लागायची गरज नाही.

एफचा आकडा उलटा वाचायचा

लेन्सवर दुसरा आकडा असतो, एफ १.८, एफ ३.५, एफ ५.६ असा. लेन्सचं तोंड किती उघडतं ते यातून कळतं. हा आकडा लहान तितका उजेड जास्त. एफ १.८ ला एफ ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत येतो. संध्याकाळची जत्रा, घरातला कार्यक्रम, देवळातला गाभारा अशा ठिकाणी हा फरक लगेच दिसतो.

उडता पक्षी थांबवायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं किंवा त्याहून वेगात लागतं. एफ ५.६ किंवा ६.३ च्या लेन्सवर तेवढा उजेड धुक्यात मिळत नाही. म्हणून ऊन वर आल्यावर, सूर्य पाठीमागं ठेवून काढलेले फोटो चांगले येतात.

डीएसएलआर की मिररलेस?

डीएसएलआरमध्ये आरसा असतो, मिररलेसमध्ये नसतो. कंपन्यांचा सगळा जोर आता मिररलेसवर आहे. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांपैकी बरेचसे पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरतात. नवा घ्यायचा तर मिररलेस घ्यावा. पैसे कमी असतील तर जुना डीएसएलआर आजही चांगलं काम देतो आणि त्याच्या लेन्स जुन्या बाजारात स्वस्त मिळतात.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला सरळ बसत नाही. एकाच कंपनीतही जुनी आणि नवी बैठक वेगळी असते. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स नव्या आरएफ कॅमेऱ्याला अ‍ॅडॉप्टर लावून चालतात. निकॉनच्या डी३५०० सारख्या छोट्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही, त्यामुळं मोटर नसलेली जुनी लेन्स लावली तर फोकस हातानं करावा लागतो. आपण खरं तर कॅमेरा घेत नसतो, एक घराणं निवडत असतो. मित्राकडे ज्या कंपनीच्या लेन्स आहेत तीच घेतली तर एकमेकांना वापरता येतात.

कुणी काय घ्यावं?

• पक्षी : साधी बॉडी आणि २५० किंवा ३०० पर्यंतची लेन्स. बजेटचा मोठा भाग लेन्सला.
• घर, जत्रा, शेतातले प्रसंग : १८-५५ आणि सोबत ५० मिमी एफ १.८. ही दुसरी लेन्स बहुतेक कंपन्यांत सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते.
• पानावरची कीड, घडावरचा रोग : मॅक्रो लेन्स. थ्रिप्स जेमतेम मिलिमीटरभर असतो, तो साध्या लेन्सला सापडत नाही. मॅक्रो महाग वाटली तर एक्स्टेन्शन ट्यूब लावूनही सुरुवात होते.
• लेन्स बदलायचीच नसेल : मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा. त्याचा सेन्सर लहान, त्यामुळं कमी उजेडात फोटो दाणेदार येतो, पण भर उन्हात पक्षी मिळतो.

जुना घेताना

लग्नाच्या कामात वापरलेला कॅमेरा बाहेरून चकाचक असतो, पण शटर खूप चाललेलं असतं. छोट्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. किती क्लिक झाल्या ते विचारा आणि तपासा. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च पलीकडून मारून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, ती लेन्स सोडून द्या. बिल आणि त्यावरचा सिरीयल नंबर कॅमेऱ्याच्या नंबराशी जुळवा. नव्यासाठीही पक्कं जीएसटी बिल आणि कंपनीची भारतातली वॉरंटी पाहूनच पैसे द्या.

विकत घेण्याआधी नाशिकमधून एक-दोन दिवस कॅमेरा-लेन्स भाड्यानं आणता येते. एक सकाळ पाण्याकाठी घालवली की वजन झेपतं का आणि आवड टिकते का, दोन्ही कळतं.

आपल्याकडची काळजी

कांद्याच्या खळ्यावर आणि बाजाराच्या धुळीत लेन्स बदलू नका. पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निफाडच्या कडाक्याच्या थंडीतून उबदार घरात आल्यावर कॅमेरा लगेच बॅगेबाहेर काढू नका, काचेवर दव धरतं. थंडीत बॅटरीही लवकर उतरते, एक जास्तीची खिशात ठेवा.

पक्षी आधी, फोटो नंतर

लेन्स कमी पडली की माणूस पुढं सरकतो, पक्षी उडतो. पुन्हा पुन्हा उडाला की त्याचं खाणं सुटतं. हजारो मैल उडून आलेल्या जिवाला ते परवडत नाही. दगड मारून थवा उडवणं किंवा घरट्याजवळ जाणं अजिबात नको. हे अभयारण्य आहे, इथं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे. परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका. प्रवेश आणि कॅमेऱ्याच्या शुल्काची चौकशी गेटवरच करून घ्या.

यंदा पैसे कमी असतील तर बॉडी साधी घ्या, जुनी घ्या, पण लेन्स कामाची घ्या. बॉडी चार-पाच वर्षांत बदलली जाते. चांगली लेन्स जपून वापरली तर ती पुढच्या बॉडीलाही चालते.