किती परत आले?

वाण्याकडून परतलेल्या मुलाला उंबरठ्यावर गाठून विचारायचा एक प्रश्न असतो. साखर नीट आणली का, पुडी फाटली नाही ना, हे सगळं नंतर. आई आधी विचारायची, ‘‘किती परत आले?’’ मी मूठ उघडायची, घामेजलेली नाणी तिच्या तळहातावर पडायची आणि ती बोटानं एकेक सरकवत मोजायची. एखाद दिवशी पाच पैसे कमी भरायचे. मग ‘‘जा, विचारून ये,’’ एवढंच. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यापासून दुकान दोन मिनिटांवर, पण ते पाच पैसे मागायला जाताना रस्ता संपता संपायचा नाही. पुढे मी छत्तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. ‘नाणी व नोटा’ हा पाठ किती वेळा घेतला असेल त्याला गणती नाही. तरी माझं मत तेव्हा झालं तेच राहिलं: मुलाला पैसा देताना कळत नाही, मोड परत घेताना कळतो.

माझ्याआधीच्या पिढीची साक्ष काढायची तर आत्याकडे जावं लागतं. १९५७ साली ती चौथीत होती आणि तिच्या मते त्या वर्षी तिच्यावर घोर अन्याय झाला. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असा हिशेब होता. म्हणजे एका रुपयात एकशे ब्याण्णव पै. हे गणित पोरांच्या डोक्यात बसवायला उजळणी होती, आणि तिच्यात नुसते पाढे नव्हते, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सगळ्यांत छळवादी अशी साडेतीनची औटकी. आज हे ऐकून मुलं हसतात. पण अडीचकी ही काही मास्तरांची हौस नव्हती. चाळीस शेरांचा मण. शेराला एक आणा पडला तर मणाला चाळीस आणे, म्हणजे अडीच रुपये. म्हणून शेराचा भाव जितके आणे, त्याची अडीचकी म्हणजे मणाचे रुपये. सात आणे शेर? सात अडीच साडेसतरा. झालं. तसंच एका नगाला जितक्या पै, तितके आणे डझनाला. भाव आणि पाढा एकमेकांत असे विणलेले होते की पाढा येणाऱ्या पोराला बाजार आपोआप यायचा.

आत्याची औटकी नुकती पाठ झाली होती. आणि १ एप्रिल १९५७ रोजी (तारीख मुद्दाम सांगते, कारण ती अजून सांगते) रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. कायदा १९५५ चा. तेव्हा अर्थमंत्री होते सी. डी. देशमुख, रायगडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांची सही आधी नोटांवर आलेली होतीच. नवी नाणी बाजारात आली तोवर मात्र मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन ते मोकळे झाले होते.

नव्या पैशाच्या नाण्यावर हिंदीत लिहिलेलं असायचं, ‘रुपये का सौवाँ भाग’. माझ्या मते आपल्याकडे अपूर्णांक शिकवणारं इतकं स्वस्त साधन पुन्हा निघालं नाही. गोंधळ मात्र व्हायचा तो झालाच. जुनी नाणीही चालू होती आणि आणा काही शंभरात बरोबर बसत नव्हता. सव्वासहा पैसे व्हायचे. म्हणून कोष्टक आलं: एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. चौथीतल्या पोरीला यात जे दिसलं ते मोठ्यांना दिसलं नाही. पावली मोडून नवे पैसे घ्यायचे, पंचवीस मिळतात. मग आण्याची गोळी एकदम चार न घेता चार वेळा एकेक घ्यायची. सहा चोक चोवीस, एक उरतो. पेशवे पार्कातली फुलराणी आगगाडी ८ एप्रिल १९५६ ला सुरू झाली, तिच्या तिकिटाचा हिशेब पोरांनी आधी आण्यांत केला आणि वर्षभरात नव्या पैशांत. आत्या सांगते, ‘‘गाडी तीच, फेरी तेवढीच. बदललं ते मुठीतलं.’’ १९५८ च्या ऑक्टोबरपासून शेर-मण जाऊन किलो यायला लागला आणि अडीचकी कायमची गेली.

१ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्दही गळला, नुसते पैसे राहिले. माझं बालपण अ‍ॅल्युमिनिअमचं. एक आणि पाच पैसे चौकोनी, तीन पैसे षटकोनी, दोन आणि दहा पैसे कडेला लाटा असलेले. डोळे मिटून खिशात हात घातला तरी कोणतं नाणं ते कळायचं. एक पैसा इतका हलका की बादलीतल्या पाण्यावर अलगद ठेवला तर तरंगायचा. कागद वर ठेवून पेन्सिल घासली की सिंह उमटायचे. बोलायची भाषा मात्र जुनीच राहिली. पंचवीस पैशांना ‘चार आणे’ आणि पन्नासला ‘आठ आणे’ म्हणणारी आमची शेवटची पिढी. आणा आम्ही एकही पाहिला नव्हता. पुण्यात पावलीचा खरा उपयोग खाऊसाठी नव्हता, तर भाड्याच्या सायकलसाठी. वेळही विकत मिळतो हे पोरं तिथे शिकायची. शेवटची पाच मिनिटं जिवाच्या आकांतानं पेडल मारत दुकानात पोचायचं, नाही तर मोड परत यायच्या ऐवजी वर आणखी द्यावी लागायची.

पण पैशाचं सगळ्यांत मोठं शिक्षण पुण्यातल्या पोरांना द्यायचा तो गणपती. बाराव्या वर्षी मी आमच्या वाड्याच्या बालगोपाळ मंडळाची खजिनदार होते. हातात पावतीपुस्तक, कार्बन, बिस्किटांचा पत्र्याचा डबा. दारोदार फिरताना कळायचं की आकड्यांनाही स्वभाव असतो. दहा कोणी देत नाही, अकरा देतात. वीस नाही, एकवीस. जोशीकाकू नेमानं सव्वा रुपया द्यायच्या आणि पावती दोनदा वाचायच्या. वर्गणी मागताना लाजायचं नाही, घेताना समोर मोजायचं, नोट फाटकी असेल तर तिथंच बदलून मागायची, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. एका वर्षी पावत्यांची बेरीज आणि डबा यांत दोन रुपयांचा फरक निघाला. जिन्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही रात्री नऊपर्यंत मोजत होतो. शेवटी आमच्यातल्या एकानं कबूल केलं की त्यानं सारसबागेजवळ भेळ खाल्ली. तो पुढे बँकेत लागला आणि चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झाला. नाव सांगत नाही.

शाळेत शिकवायला लागले तेव्हा वाटायचं की हे सगळं वर्गात आणता येईल. बालभारतीच्या पुस्तकांत नाण्या-नोटांची चित्रं असायची. आम्ही कार्डशीटच्या नोटा कापायचो, रिकाम्या खोक्यांचं दुकान मांडायचो. मुलं खूश. पण २००५ च्या सुमाराचा एक मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्याची आई मंडईबाहेर भाजी घेऊन बसायची आणि शाळा सुटली की हा तिच्या शेजारी. वर्गात फळ्यावर पन्नास वजा एकवीस दिलं. त्यानं पाटीवर लिहिलं एकतीस. शून्यातून एक जात नाही, म्हणून एकातून शून्य काढलं. हातचा घ्यायचं पुन्हा समजावलं, पुन्हा एकतीस. त्याच संध्याकाळी मी त्याच्याकडून भाजी घेतली. आठ रुपये पावानं अर्धा किलो गवार, पाच रुपयांची मिरची. पन्नासची नोट दिली. वर न बघता त्यानं माझ्या हातात नाणी ठेवली, ‘‘एकवीसवर चार पंचवीस,’’ आणि मग नोटा, ‘‘वर पंचवीस, पन्नास झाले, बाई.’’ एकोणतीस रुपये, बिनचूक. वजाबाकी त्यानं केलीच नव्हती. तो एकवीसपासून पन्नासपर्यंत चालत गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसंच शिकवलं. निरीक्षकांना ते रुचलं नाही, ती गोष्ट वेगळी. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणारी मुलं तोंडी हिशेब झटपट करतात आणि शाळेत घालतात तशी साधी गणितं कागदावर आली की अडखळतात. उलट शाळेतच शिकलेल्या मुलांची बाजारी हिशेबात गाडी अडते. वाचताना मला गवारच आठवली.

त्या गवारीनंतरचा काळ म्हणजे लहान पैसा मरत गेल्याचा काळ. २००७ पासून आलेल्या नाण्यांवर हाताच्या मुद्रा होत्या: पन्नास पैशांवर मूठ, रुपयावर अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. मोठ्यांनी नाकं मुरडली, पण पहिलीच्या वर्गात मला त्यांचा फार उपयोग झाला. बोटं बघून रुपया ओळखायला अक्षरंही लागत नाहीत. ३० जून २०११ ला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. पन्नास पैसे कायद्यानं आजही चालतात; दुकानात देऊन बघा म्हणजे कायदा आणि चलन यांतला फरक कळेल. मोडीच्या जागी चॉकलेट यायला लागलं ते याच सुमाराला. दुकानदार रुपयाऐवजी गोळी टेकवायचा आणि मूल खूश होऊन घरी यायचं. ‘‘किती परत आले?’’ ‘‘दोन चॉकलेटं.’’ माझा या प्रकारावरचा राग अजून गेलेला नाही. ज्या वयात एक रुपया ही आपली मिळकत आहे हे कळायचं, त्याच वयात तो खाऊन टाकायला शिकवला.

नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मी एवढंच सांगते की माझ्या मुलीनं कुंभारवाड्यातून आणलेला मातीचा गल्ला होता. दिवाळीत किल्ल्याचे मावळे घ्यायला गेलो तेव्हा घेतलेला. ओवाळणीचे पैसे त्यात पडायचे. तो फोडायचं तिनं अनेक वर्षं टाळलं आणि फोडला २०१७ च्या उन्हाळ्यात. आत पाचशेच्या तीन जुन्या नोटा. जमा करायची मुदत ३० डिसेंबरलाच संपली होती. एरवी काटकसरी असलेल्या माझ्या लेकीनं त्या फ्रेम करून भिंतीवर लावल्या. दोन हजारची गुलाबी नोट आली आणि २०२३ मध्ये मागेही घेतली गेली. मधल्या काळात जन्मलेल्या मुलांना ती पुराणातली वाटते.

आता नातीचं. ती सात वर्षांची आहे आणि तिच्या खेळातल्या दुकानात पैसे नाहीत. पुठ्ठ्यावर काळे-पांढरे चौकोन काढून तिनं स्कॅनर केलाय. आपण खोटा फोन टेकवायचा आणि ती डब्यात तोंड घालून घोगऱ्या आवाजात पैसे मिळाल्याचं सांगते, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या खोक्यासारखं. आमच्या भातुकलीत चिंचोके होते, ते संपायचे. हिचं कधी संपतच नाही. मी विचारलं, ‘‘किती परत आले?’’ ती माझ्याकडे बघत राहिली. तिचं चुकत नव्हतं. स्कॅन केल्यावर काही परतच येत नाही. फोनवर जातो तो नेमका आकडा, आणि उरलेलं आपल्याकडेच राहिलंय हे दाखवणारी मूठ नाही.

म्हणून तिला मी वीसची नोट दिली. हिरवट पिवळी, २०१९ मध्ये आलेली. मागे वेरूळ. ‘‘हे आपण पाहिलंय!’’ ती ओरडली, कारण गेल्या दिवाळीत आम्ही तिथे गेलो होतो. मग डाव्या बाजूच्या भाषांच्या रांगेत मराठी शोधायला सांगितली. पंधरा ओळी, त्यांतल्या कोकणी, नेपाळी आणि संस्कृतही देवनागरीतच, त्यामुळे खेळ वाटतो तितका सोपा नाही. मराठी आठवी, बरोबर मधोमध. तिला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात तिनं नोटेचा कागद कुरवाळला, वास घेतला, उन्हात धरून गांधीजी शोधले. फोनशी हे कुणी करत नाही.

रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये नियम नव्यानं घालून दिला की दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः उघडता आणि चालवता येईल. बँकांना तजवीज करायला १ जुलैची मुदत होती. चांगलं आहे. नातीला अजून तीन वर्षं आहेत, आणि तीन वर्षं मोड मोजायला पुरेत.

तुमच्याही घरात असं सात-आठ वर्षांचं कुणी असेल तर येत्या रविवारी मंडईत नेताना फोन पिशवीत ठेवा. पोराच्या हातात पन्नासची नोट द्या, कोथिंबीर आणि लिंबं त्याला घेऊ द्या, आपण दोन पावलं मागे उभं राहा. हिशेब चुकला तर मध्ये पडू नका. फक्त सकाळी फार लवकर जाऊ नका. भवानी व्हायच्या आधी मावशींकडे सुटे नसतात.