कॅडमियमचें विष आणि पिकांचें रक्षण

खाणींच्या सांडपाण्याबरोबर कॅडमियम धातु शेतांत येतो. जपानांत जिंझू नदीच्या खोऱ्यांतील भातशेतें कामिओका खाणीमुळें अशीं दूषित झालीं. तेथील लोकांस हाडें ठिसूळ करणारा जो रोग जडला, त्याचें कारण कॅडमियम होय, असें सरकारनें १९६८ सालीं मान्य केलें.

हा धातु मुळांची वाढ खुंटवितो व पानें पिवळीं पाडतो. सॅलिसिलिक आम्लाच्या सौम्य द्रावणांत बीं भिजविल्यास सातूच्या रोपांस त्याची बाधा कमी होते, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलें. परंतु या उपायानें जमिनींतील धातु नाहींसा होत नाहीं. पीक हिरवें दिसलें म्हणून धान्य निर्दोष झालें, असें मानूं नये.

यासाठीं प्रथम माती व पाणी तपासून घ्यावें. जमीन आम्ल असल्यास चुना द्यावा. भात निसवण्याच्या सुमारास खाचरांत पाणी सांठवून ठेवावें. म्हणजे कॅडमियम गंधकाशीं बद्ध होऊन मुळांस कमी मिळतो. मात्र जमिनींत सोमल असल्यास हा उपाय टाळावा, कारण सांचलेल्या पाण्यांत सोमल अधिक सुटतो. संशय असेल तेथें धान्यही तपासून मगच खाण्यास घ्यावें.