बॅटरी लवकर का उतरते?

प्रस्तावना

पुस्तक हे शिकणाऱ्याचे पहिले साधन होय. परंतु आपल्या भाषेतील पुस्तक प्रत्येक गावी मिळतेच असे नाही. चेन्नई शहराचे उदाहरण घेऊ. तमिळ प्रदेशात मराठीचे वास्तव्य तंजावरच्या भोसले राजांपासून, म्हणजे सतराव्या शतकापासून आहे. तरीही चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात राहणाऱ्या मराठी माणसाला हवे ते मराठी पुस्तक जवळच्या दुकानात मिळणे कठीणच. अशा वाचकांची मोठी सोय ई-रीडर या यंत्राने केली. डिसेंबर २०१६ पासून किंडल या ई-रीडरसाठी मराठी पुस्तकेही उपलब्ध होऊ लागली. हातात मावणाऱ्या या यंत्रात शेकडो पुस्तके राहू शकतात.

साधन आले की त्याच्या तक्रारीही येतात. ‘पूर्वी तीन आठवडे चालणारी बॅटरी आता तीन दिवसांत उतरते’ ही त्यांपैकी नेहमीची तक्रार. अशा वेळी अनेकजण ‘बॅटरी गेली’ असे ठरवून मोकळे होतात. मग कुणी पदरमोड करून नवे यंत्र घेतो, तर कुणी वाचनच सोडून देतो. पहिल्यात पैशाचे नुकसान आहे, दुसऱ्यात शिक्षणाचे. वस्तुतः बहुधा दोष बॅटरीत नसून अन्यत्र असतो. तो कसा शोधावा, हे प्रस्तुत पाठात पाहू या.

१. ई-रीडर वीज कशासाठी वापरतो?

मोबाइलचा पडदा सतत प्रकाश देत असतो, म्हणून तो सतत वीज खातो. ई-रीडरच्या पडद्याचे तसे नाही. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात तरंगणारे पांढरे व काळे कण असतात. या दोन रंगांच्या कणांवर परस्परविरुद्ध विद्युत्‌भार असतो. विजेचा हलकासा झटका दिला की एका रंगाचे कण वर येतात व दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. वर आलेल्या काळ्या कणांतून अक्षर उमटते. यालाच ई-शाई म्हणतात.

महत्त्वाची गोष्ट अशी की, एकदा वर आलेले कण जागेवर राहण्यासाठी वीज लागत नाही. वीज लागते ती पान बदलताना. म्हणजे तुम्ही एक पान दहा मिनिटे वाचत बसलात, तरी पडदा स्वतः जवळजवळ काहीच खर्च करीत नाही. यावरून शोधाची दिशा ठरते. बॅटरी वेगाने उतरत असेल, तर पडद्यावरील अक्षरांखेरीज दुसरे काहीतरी वीज खात आहे, असे समजावे.

२. ‘लवकर’ म्हणजे किती लवकर?

तक्रार करण्यापूर्वी आपली अपेक्षा तपासून घ्यावी. किंडल पेपरव्हाइटच्या २०२१ मधील आवृत्तीची बॅटरी दहा आठवड्यांपर्यंत चालते, असे कंपनीने जाहीर केले होते. मात्र त्यासोबत अटी होत्या : रोज केवळ अर्धा तास वाचन, बिनतारी जोडणी बंद आणि दिव्याची पातळी १३. आता हिशेब करू. दहा आठवड्यांचे दिवस ७०. रोज अर्धा तास म्हणजे एकूण वाचन ३५ तास. परीक्षेच्या दिवसांत तुम्ही रोज तीन तास वाचत असाल, तर हेच ३५ तास सुमारे १२ दिवसांत संपतील. त्यात दिवा अधिक उजळ असेल आणि वाय-फाय सुरू असेल, तर आणखी लवकर. येथे यंत्रात काहीच बिघाड नाही. वाचन वाढले आहे, आणि ही आनंदाची गोष्ट आहे!

३. आधी नोंद, मग निष्कर्ष

नुंगंबाक्कमची एक जुनी ओळख येथे उपयोगी पडेल. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये याच भागात मद्रास वेधशाळा उभारली. १८९९ मध्ये तेथील खगोलशास्त्राचे काम कोडाईकनालला गेले. पण हवामानाच्या नोंदी नुंगंबाक्कमलाच राहिल्या. आजही चेन्नईचे तापमान सांगताना नुंगंबाक्कम केंद्राचा आकडा दिला जातो. ‘यंदा उकाडा फार आहे’ हे मत झाले. ‘आज कमाल तापमान इतके अंश’ ही नोंद झाली. बॅटरीच्या बाबतीतही आपल्याला मत नव्हे, नोंद हवी.

त्यासाठी एक सोपी चाचणी करा. रात्री झोपताना बॅटरीचा टक्का वहीत लिहा. यंत्र निद्रावस्थेत ठेवा. सकाळी पुन्हा टक्का पाहा. रात्री १० वाजता ८० टक्के आणि सकाळी ६ वाजता ८० किंवा ७९ टक्के असेल, तर निद्रावस्थेतील खर्च योग्य आहे. पण ७० टक्के दिसले, तर तुम्ही झोपलात तरी यंत्र जागेच होते, हे सिद्ध झाले.

हा फरक किती मोठा आहे, ते आकड्यांत पाहू. समजा, बॅटरीची क्षमता १५०० मिलिअँपिअर-तास आहे. तिचे १० टक्के म्हणजे १५० मिलिअँपिअर-तास. ते आठ तासांत खर्च झाले. अर्थात दर तासाला सुमारे १९. या गतीने भरलेली बॅटरी न वाचताही अवघ्या ८० तासांत, म्हणजे साडेतीन दिवसांच्या आत, रिकामी होईल. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते थेंबे थेंबे आटतेही.

४. एका वेळी एकच बदल

आता कारण शोधायचे. येथे एक नियम कटाक्षाने पाळा : एका रात्री एकच बदल करा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

(अ) बिनतारी जोडणी. पहिल्या रात्री यंत्र एअरप्लेन मोडवर ठेवा. खर्च एकदम घटला, तर वाय-फाय हेच कारण. ओळखीचे जाळे मिळाले नाही किंवा दुबळे असले, की यंत्र ते पुनःपुन्हा शोधत राहते. नुंगंबाक्कम स्थानकावरून लोकलने रोज तांबरमला जाणाऱ्या वाचकाच्या पिशवीत हा शोध वाटभर चालू शकतो. यावर उपाय सोपा आहे. पुस्तक उतरवून घेण्यापुरते वाय-फाय सुरू करावे, एरवी बंद ठेवावे.

(आ) अडलेले पुस्तक. एअरप्लेन मोडवरही खर्च तेवढाच राहिला, तर अलीकडे यंत्रात कोणती पुस्तके घातली ते आठवा. नवे पुस्तक आले की त्यातील शब्द शोधता यावेत म्हणून यंत्र त्याची शब्दसूची तयार करते. एकदम पन्नास पुस्तके घातली, तर हे काम बराच काळ चालते. ते संपल्यावर खर्च आपोआप कमी होतो. मात्र एखादी फाइल सदोष असेल, तर यंत्र तिच्यापाशी अडते आणि तेच काम पुनःपुन्हा करीत राहते. तक्रार सुरू होण्याच्या सुमारास घातलेली पुस्तके एकेक करून काढा व दर वेळी रात्रीची नोंद घ्या. दोषी पुस्तक सापडले की ते पुन्हा नव्याने उतरवून घ्यावे.

(इ) अडकलेली प्रणाली. कधी कधी यंत्रातील एखादे काम मध्येच अडकते. अशा वेळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. किंडलमध्ये त्यासाठी चालू-बंदचे बटण सुमारे ४० सेकंद दाबून धरावे लागते. प्रणालीची नवी आवृत्ती आली असेल, तर तीही घ्यावी. पुस्तके यामुळे पुसली जात नाहीत. याउलट, ‘मूळ स्थितीत आणणे’ या पर्यायाने यंत्रातील सर्व काही पुसले जाते. तो अखेरचा उपाय समजावा.

(ई) आवरण. काही आवरणांत चुंबक असतो. आवरण मिटले की यंत्र झोपते, उघडले की जागे होते. आवरण सैल झाले असेल, तर पिशवीतील हिंदकळण्याने यंत्र वारंवार जागे होते. एक रात्र आवरण काढून चाचणी घ्या.

(उ) वाचतानाचा खर्च. रात्रीचा खर्च योग्य आहे, पण वाचतानाच बॅटरी वेगाने उतरते, असे आढळले तर दिव्याकडे पाहा. अक्षरे वीज खात नाहीत, पण पडद्याच्या कडेला बसवलेले बारीक दिवे खातात. दिवसा खिडकीपाशी वाचताना त्यांची गरज नसते. जुन्या मराठी ग्रंथांच्या छायाप्रती पीडीएफ स्वरूपात वाचतानाही खर्च वाढतो. कारण असे प्रत्येक पान हे एक मोठे चित्र असते आणि अक्षर मोठे करण्यासाठी ते पुनःपुन्हा रेखाटावे लागते. ब्लूटूथवरून पुस्तक ऐकणे हेही खर्चिकच.

५. उष्णता आणि वय

वरील सर्व तपासूनही फरक पडला नाही, टक्का ४० वरून एकदम ५ वर येऊ लागला किंवा यंत्र अचानक बंद पडू लागले, तर मात्र बॅटरीचे वय झाले असण्याचा संभव आहे. ई-रीडरमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी काही शे वेळा पूर्ण भरली व रिकामी झाली, की तिची क्षमता हळूहळू घटते.

उष्णतेमुळे हे वार्धक्य लवकर येते. किंडलसाठी वापराची योग्य मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस अशी सांगितलेली आहे. नुंगंबाक्कम केंद्राचे मे महिन्यातील सरासरी कमाल तापमानच सुमारे ३७ अंश असते. ३१ मे २००३ रोजी तर तेथे ४५ अंशांची नोंद झाली. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्याविषयी वेगळे सांगणे नकोच. म्हणून यंत्र उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नये. चार्ज करताना ते उशीखाली झाकू नये. बरेच दिवस वापरायचे नसेल, तर बॅटरी साधारण निम्मी भरून थंड जागी ठेवावी. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर झिजते.

६. सावधान!

पडदा एका बाजूने उचलला गेला, पाठ फुगली किंवा यंत्र अकारण तापू लागले, तर कोणतीही चाचणी करू नये. चार्ज करणे तत्काळ थांबवावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, घरी उघडू नये. तिला आग लागू शकते. यंत्र अधिकृत दुरुस्ती केंद्रात न्यावे. निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

समारोप

बॅटरी लवकर उतरणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. ताप आला म्हणून वैद्य लगेच शस्त्रक्रिया करीत नाही. आधी नाडी पाहतो, मग निदान करतो. नोंद घ्यावी, एकच बदल करावा, पुन्हा नोंद घ्यावी आणि मगच खर्चाचा निर्णय करावा. ही रीत पंखा, पाण्याचा पंप, शिलाईयंत्र यांनाही तितकीच लागू पडते. वहीचे एक पान आणि चार रात्रींचा धीर एवढ्या भांडवलावर कित्येकदा नव्या यंत्राचा खर्च वाचतो व आपले पुस्तक आपल्या हाती राहते.

स्वाध्याय

१. ई-शाईच्या पडद्याला वीज केव्हा लागते? मोबाइलच्या पडद्याशी तुलना करून लिहा.
२. एका ई-रीडरची बॅटरी रोज अर्धा तास वाचून सहा आठवडे चालते. रोज दीड तास वाचल्यास ती ढोबळमानाने किती दिवस चालेल?
३. ‘एका वेळी एकच बदल’ हा नियम का पाळावा? आपल्या अनुभवातील एक उदाहरण द्या.
४. आपल्या घरातील बॅटरीवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राची चार रात्रींची नोंद करा आणि आपला निष्कर्ष पाच ओळींत लिहा.